गयानाच्या तेलामुळे कॅरिबियन देशांच्या आर्थिक स्पर्धेत नेमकं काय बदललं?

थोडक्यात सांगायचं तर मोठ्या भावाची जागा बदलते आहे. अनेक दशकं या भागात तेल-वायूवाला श्रीमंत देश म्हणजे त्रिनिदाद आणि टोबॅगो. गयानाची माणसं कामासाठी तिकडे जायची. २०१५ मध्ये गयानाच्या समुद्रात एक्सॉनमोबिल या अमेरिकी तेल कंपनीला तेल सापडलं, डिसेंबर २०१९ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि जेमतेम आठ लाख वस्तीचा हा देश जगातल्या सर्वात वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांत गेला. त्याच काळात त्रिनिदादची उतरण चालू होती: २०१८ मध्ये सरकारी तेलशुद्धीकरण कारखाना बंद पडला, आणि वायू कमी पडू लागल्याने द्रवरूप वायूचा एक प्रकल्पही थांबला.

खरी ठिणगी पडली ती २०२१ च्या गयानाच्या कायद्याने. तेलउद्योगाला लागणाऱ्या अनेक सेवांमध्ये, केटरिंगपासून वाहतुकीपर्यंत, स्थानिक कंपन्यांना प्राधान्य सक्तीचं झालं. कॅरिकॉम या कॅरिबियन देशांच्या संघटनेच्या एकाच बाजारपेठेत असून आपण परके कसे, असा त्रिनिदादच्या उद्योजकांचा सवाल. मला गयानाची बाजू पटते. एक्सॉनमोबिलसोबतच्या २०१६ च्या करारात रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या तेलावर सरकारला मिळणारा वाटा, फक्त २ टक्के आहे. निदान कामं तरी घरच्यांना मिळायलाच हवीत.

शेजारचं सुरीनामही २०२८ मध्ये समुद्रातलं तेल काढायच्या तयारीत आहे. आणि व्हेनेझुएला तर गयानाच्या एसेक्विबो प्रांतावरच हक्क सांगतो, म्हणजे देशाच्या जवळपास दोन तृतीयांश भूभागावर.