दाराआड कोण आहे?

बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं चित्रपटातल्या गाण्याचं रेकॉर्डिंग काल रात्री तीनदा ऐकलं. दोनदा मोबाइलवर, आणि मग भाच्याने स्पीकरला जोडून दिलं तेव्हा नीट. सूर चोख आहेत. दुसऱ्या अंतऱ्यातली धैवतावरून पंचमावर उतरणारी मींड तर मला फार आवडली. तरी सात टेक झाल्यावर दिग्दर्शक ‘अजून फील हवा’ म्हणाले आणि तू घरी येऊन रडलीस, असं लिहिलं आहेस. त्यांना काय हवंय ते नेमक्या शब्दांत सांगता आलं नसेल, पण त्यांचं काही चुकलंय असं मला वाटत नाही. टेकगणिक तू आवाजात दुःख वाढवत गेलीस. सातव्यात तर प्रत्येक ओळ हुंदक्यावर संपते. दुःख कमी पडत नव्हतंच गं. पडद्यावरची ती बाई कुणापाशी गाते आहे हे तुला ठाऊक नव्हतं, आणि ते ऐकू येतं.

‘संत तुकाराम’ पुन्हा एकदा बघ. लहानपणी पाहिला असशील, आता गाणारी म्हणून बघ. १९३६ साली प्रभातने तो ज्या आवारात केला, त्याच्या फाटकावरून तू रोज स्कूटरने जातेस. लॉ कॉलेज रस्त्यावरची फिल्म इन्स्टिट्यूट म्हणजेच जुनं प्रभात. त्यात तुकोबांचा अभंग तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीसही गातात आणि तुकोबांचा मत्सर करणारा सालोमालोही गातो. सालोमालो तो चोरून, स्वतःचा म्हणून गातो. त्याला गाता येत नाही असं मुळीच नाही. हरकती आहेत, मुरक्या आहेत, बसलेल्यांनी मान डोलवावी अशी सोय आहे. पागनिसांच्या गाण्यात ती सोयच नाही. ते समोरच्या विठ्ठलाशी बोलतात आणि आपण बाजूला उभे राहून ते चोरून ऐकतो. पागनीस पूर्वी नाटकांत स्त्रीभूमिका करायचे, म्हणजे टाळी कशी घ्यायची ते त्यांना उत्तम ठाऊक असणार. इथे त्यांनी ती घेतलेली नाही. संगीत केशवराव भोळ्यांचं. मी हा चित्रपट पहिल्यांदा गुरुजींबरोबर पाहिला. बाहेर आल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग रस्ता ओलांडताना एवढंच म्हणाले, ‘तू सालोमालोसारखी गातेस.’ मला फार लागलं होतं. खरं होतं म्हणूनच लागलं.

आता माझी गोष्ट सांगते, आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी बत्तिशीत असताना एका मराठी चित्रपटासाठी गायले. तेव्हा वादक सगळे एकत्र बसायचे, एकाचं चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. मला सांगण्यात आलं: आई आहे, मुलगी उद्या सासरी जाणार. पुढे मी काही विचारलं नाही. माझ्या आईला आठवलं आणि जीव ओतून गायले, शेवटचा अंतरा तर भरल्या गळ्याने. व्हायोलिनवाल्यांनी धनुकल्यांनी स्टँड वाजवून दाद दिली. मी तरंगतच घरी आले.

चित्रपट लागला तेव्हा अलका टॉकीजला गेले. पडद्यावर ती आई तांदूळ निवडत बसली होती. शेजारी मुलगी, हात मेंदीने भरलेले. आणि आई हसत गात होती! लेकीला कळू नये म्हणून हसत होती. त्या नटीने डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं, सुपातून मान वर केली नव्हती, सगळं आतल्या आत धरलं होतं. आणि तिने जे धरलं ते मी माझ्या गळ्याने सांडून टाकत होते. चेहरा एक सांगतोय, आवाज दुसरंच. मागच्या रांगेत कुणीतरी वेफर्सचं पाकीट उघडलं. त्या आवाजाची आठवण मला अजून आहे. चूक सर्वस्वी माझी. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं.

गळा खरोखर दाटला की काय होतं ते तुला रियाजात जाणवलं असेलच. ‘आ’कार आक्रसतो, सूर केसभर खाली बसतो, ओळीची शेवटची अक्षरं गिळली जातात. माइक हे सगळं जवळून ऐकतो. पण प्रेक्षकाला त्यात बाईचं दुःख दिसत नाही, गायिकेची धडपड दिसते.

त्याहून महत्त्वाचं श्वासाचं. आधी तू गाशील, मग सेटवर तुझं गाणं लावतील आणि ती नटी त्यावर ओठ हलवेल. म्हणजे तू जिथे श्वास घेशील तिथे तिची छाती हलणार. तू ओळ मध्येच तोडलीस तर तिलाही तोडावी लागणार. तिचा श्वास आधी तू घ्यायचा आहेस. मुखड्याच्या दुसऱ्या ओळीत तू मधे श्वास चोरतेस, फार सफाईने. तो चोरू नकोस. उघड घे, थोडा उशिरा घे. पुढचा शब्द उच्चारावा की नाही या विचारात ती बाई क्षणभर थांबली, असं वाटू दे. ‘मी वसंतराव’मध्ये राहुल देशपांड्यांनी आजोबांची भूमिकाही केली आणि गायलेही. तिथे गळा आणि चेहरा एकाचाच. तुला ती सोय नाही, म्हणून हे सगळं आधी विचारायचं.

आणि पात्रासाठी गाणं म्हणजे कमी गाणं, असा अर्थ काढू नकोस. १९५६ च्या ‘बसंत बहार’मध्ये आपले भीमसेनजी मन्ना डे यांच्याबरोबर गायले. कथेत गाण्याची स्पर्धा आहे; मन्नादांचा आवाज नायकाचा, तोच जिंकणार हे ठरलेलं. हे कळल्यावर आपण किती घाबरलो होतो, ते मन्नादा पुढे स्वतःच सांगत. भीमसेनजींनी हरणाऱ्याचं गाणं गायलं, आणि ते हातचं न राखता गायलं. हरणारा दमदार नसता तर त्या जिंकण्याला किंमत काय राहिली असती? मला विचारशील तर मोठेपणा म्हणजे हाच.

गुरुवारी कर्वेनगरच्या स्टुडिओत जाशील तेव्हा आधी त्या प्रसंगाचं पान मागून घे. संकोच करू नकोस, नवी मुलगी विचारते म्हणून कुणी रागावणार नाही. ओळ ओळ तोडून घेण्याआधी एक टेक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग गाऊ द्या म्हणावं, जमेल तसा. नंतर हवे ते तुकडे घेऊ देत, संगणकावर सूर सारखे करू देत. माझी त्याला हरकत नाही. फक्त ‘उंबरा’ शब्दावरचा तो किंचित उतरलेला निषाद तसाच ठेवा, एवढं सांग. तो चुकलेला नाही. अख्ख्या गाण्यात मला ती बाई दिसली ती तेवढ्या एका जागी.

बुधवारी संध्याकाळी ये. तानपुरा नंतर लावू, आधी प्रसंग वाचू. तू लिहिलं आहेस: रात्र, स्वयंपाकघर, ती एकटी. पण स्वयंपाकघराला दार आहे ना? त्या दाराआड सासू झोपली आहे की जागी आहे, तेवढं दिग्दर्शकांना फोन करून विचारून ये.

तुझी,
बाई