नव्या स्टेडियममुळे आणि पैशामुळे इंग्लंडमधले फुटबॉल क्लब खरंच बदललेत, की जुने चाहते उगाच रडतात?

दोन्ही. क्लब बदललेत हे खरं, आणि जुने चाहते थोडे उगाच रडतात हेही खरं. मी मूळचा कोल्हापूरचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालीम संघांच्या फुटबॉल मॅचला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर घसा बसेपर्यंत ओरडत लहानाचा मोठा झालो. २०११ पासून पूर्व लंडनमध्ये आहे, ग्रीन स्ट्रीटपासून चालत सात मिनिटांवर. म्हणजे वेस्ट हॅम युनायटेडचं जुनं मैदान माझ्या गल्लीच्या तोंडाशी होतं. त्यामुळे सगळ्या इंग्लंडबद्दल बोलण्याआधी जे खिडकीतून पाहिलं तेच सांगतो.

ग्रीन स्ट्रीट म्हणजे साड्या, सोनं, मिठाई. कढीपत्त्याची जुडी आणि कोवळी भेंडी हवी असेल तर क्वीन्स मार्केट. लग्नसराईत इथे पाय ठेवायला जागा नसते. पण मॅचच्या शनिवारी दुपारी एकपासून अप्टन पार्क स्टेशनातून मरून-आकाशी रंगाचा लोंढा बाहेर पडायचा आणि लेहंग्यांच्या काचांसमोरून दक्षिणेकडे सरकायचा. पोलिसांचे घोडे, तळलेल्या कांद्याचा वास, बॅज विकणारे, बार्किंग रोडच्या कोपऱ्यावरच्या पबबाहेर फुटपाथभर पसरलेली माणसं. मैदानात गोल झाला की रेडिओवाला सांगेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात आवाज पोचलेला असायचा. बायको आवाजावरून सांगायची, आपला झाला की समोरच्यांचा.

मला सुरुवातीला एक कोडं पडायचं. आमच्या भागात राहणारे बहुतेक आपले लोक, म्हणजे गुजराती, पंजाबी, बांगलादेशी, तमिळ. मग ही हजारो गोरी माणसं येतात कुठून? उत्तर शेजारच्या आजोबांनी दिलं. डॅगनमच्या मोटार कारखान्यात आयुष्य गेलेले, गल्लीत उरलेल्या मोजक्या जुन्यांपैकी एक. ते म्हणाले, हे सगळे इथलेच. यांचे आईबाप, आजेपणजे या गल्ल्यांत राहायचे. पुढे घरं विकून शेजारच्या एसेक्स परगण्यात गेले. आता फक्त मॅचला येतात.

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही जत्राच की! मुंबईला गेलेला चाकरमानी शिमग्याला गावी येतो, पालखी दारावरून जाते तेव्हा घराचं कुलूप उघडलेलं असावं म्हणून धडपडतो, तसलं काहीतरी. मॅच नव्वद मिनिटांची. पण ठरलेल्या गाडीनं यायचं, ठरलेल्या दुकानात पाई आणि मॅश, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री आणि कुस्करलेला बटाटा, खायचं, बापाच्या जुन्या घरावरून चालत जायचं, हा सगळा दिवस त्या तिकिटात यायचा.

हा क्लब १८९५ मध्ये थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याच्या कामगारांनी सुरू केला. १९०० मध्ये त्याचं नाव वेस्ट हॅम युनायटेड झालं. १९०४ पासून तो अप्टन पार्कच्या बोलिन ग्राउंडवर खेळत होता. शेवटची मॅच १० मे २०१६ ला, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, ३-२ अशी जिंकली. त्या रात्री झोप लागली नाही, कारण गल्लीत पहाटेपर्यंत गाणी चालू होती. मग क्लब तीनेक मैलांवरच्या स्ट्रॅटफर्डला गेला, २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये.

तीन मैल म्हणजे काय हो, रंकाळ्याहून शिरोलीपर्यंतसुद्धा नाही. पण देऊळ तीन मैलांवर नवं बांधलं, मूर्ती तीच ठेवली, तरी पालखीचा रस्ता गेलाच ना. स्ट्रॅटफर्ड स्टेशनातून उतरलं की समोर भलामोठा मॉल. त्याच्या कडेनं, मग पूल ओलांडून, पाटीवरचे बाण बघत जायचं. वाटेत कुणाच्या बापाचं घर नाही.

आता स्टेडियमचं. बोलिनमध्ये साधारण पस्तीस हजार माणसं मावायची. पहिल्या रांगेतला माणूस थ्रो-इन घेणाऱ्याशी बोलू शकायचा, आणि काय बोलायचा ते इथे लिहिता येणार नाही. नव्या जागी साठ हजारांच्या वर. पण ते मुळात धावण्याच्या शर्यतींसाठी बांधलेलं, ट्रॅकसाठी मधे जागा सोडलेली. पुढच्या खुर्च्या ट्रॅकवर सरकवून फुटबॉलसाठी जवळ आणतात, तरी गोलमागचा प्रेक्षक आणि गोल यांच्यात चांगलंच अंतर राहतं. आवाज मैदानात पडायच्या ऐवजी वर जातो. माझ्यासारख्या चष्मेवाल्याला वरच्या मजल्यावरून खेळाडूचा नंबर दिसत नाही, चालण्यावरून ओळखावं लागतं.

आर्थिक बाजू तर अजबच आहे. फुटबॉलसाठी स्टेडियम बदलून घ्यायचा खर्च वाढत वाढत ३२ कोटी ३० लाख पौंडांवर गेला, त्यात क्लबनं घातले दीड कोटी. करार ९९ वर्षांचा, सुरुवातीचं भाडं वर्षाला २५ लाख पौंड. बाकी सगळा भार सरकारी, म्हणजे करदात्यावर, म्हणजे कणभर का होईना माझ्यावरसुद्धा. त्या खुर्च्या उन्हाळ्यात मागेपुढे करायलाच दरवर्षी लाखो पौंड लागू लागले. शेवटी २०१७ मध्ये महापौर सादिक खान यांनी कारभार आपल्या हातात घेतला. आणि मार्च २०१८ मध्ये बर्नलीविरुद्ध ०-३ हरताना चाहते मैदानात घुसले, मालकांच्या कक्षाखाली जमून ओरडले. आजोबा त्या दिवशी होते. पुढच्या मोसमाचं तिकीट त्यांनी घेतलं नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल मी रडणाऱ्यांच्या बाजूचा. थांबा.

ग्रीन स्ट्रीटवर एक साडीवाले काका आहेत, सत्तरच्या दशकापासूनचे. मी त्यांच्याकडे एकदा जुन्या मैदानाचे गोडवे गात होतो. त्यांनी गल्ल्यावरून मान वर केली आणि म्हणाले, "तू उशिरा आलास म्हणून तुला गोड वाटतं." त्या काळात मॅच सुटायच्या वेळी शटर अर्धं खाली असायचं. मैदानाबाहेर नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे लोक आपली पत्रकं विकायचे. वेस्ट हॅमच्या हुल्लडबाजांची टोळी देशभर बदनाम होती. क्लबकडून खेळणाऱ्या बर्म्युडाच्या क्लाइड बेस्टला काळा म्हणून इंग्लंडभरच्या मैदानांत काय काय ऐकावं लागलं, ते त्यानं स्वतः सांगितलंय. काका चाळीस वर्षं मैदानापासून दोनशे पावलांवर दुकान चालवत होते आणि एकदाही आत गेले नाहीत. नव्या स्टेडियममध्ये ते नातवाला घेऊन गेले.

मीही त्यातलाच. बोलिनमध्ये मी मोजून चार वेळा गेलो, कारण सीझन तिकिटं पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांत. स्ट्रॅटफर्डला पंचवीस हजार खुर्च्या वाढल्या म्हणून मला आणि माझ्या मुलीला जागा झाली. पहिल्या मोसमात मोठ्यांचं सर्वांत स्वस्त सीझन तिकीट २८९ पौंडांना होतं, मुलांचं ९९ ला. म्हणजे 'नवं स्टेडियम आलं की गरीब बाहेर' हे सूत्र इथे सरळ लागू पडत नाही. निदान सुरुवातीला नाही पडलं. २०२४ मध्ये मुलांच्या आणि वृद्धांच्या सवलती कापायचा निर्णय आला तेव्हा पुन्हा बोंब झाली, आणि ती रास्त होती.

एकूण इंग्लंडचं बघायचं तर हे सगळं १९८९ पासून धरा. शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत ९७ जण गेले. त्यानंतरच्या टेलर चौकशी अहवालामुळे वरच्या दोन विभागांतल्या क्लबांना उभं राहायच्या पायऱ्या काढून सगळीकडे खुर्च्या बसवाव्या लागल्या. १९९२ मध्ये प्रीमियर लीग, म्हणजे सर्वांत वरच्या विभागाची नवी स्पर्धा, आली. पहिला टीव्ही करार पाच वर्षांचा, सुमारे ३० कोटी पौंडांचा. २०२५ ते २०२९ या चार वर्षांचा देशांतर्गत करार ६७० कोटींचा. या पैशापुढे गेटवरचं उत्पन्न किरकोळ वाटेल, पण मेख इथेच आहे. टीव्हीचा पैसा बऱ्यापैकी सगळ्यांत वाटला जातो. शेजाऱ्यापेक्षा जास्त कमवायचं तर स्वतःचं स्टेडियम लागतं. शिवाय प्रीमियर लीगच्या नियमांत २०२५-२६ च्या मोसमापर्यंत क्लबनं तीन वर्षांत किती तोटा करायचा याला मर्यादा होती, १० कोटी ५० लाख पौंडांची. आणि स्टेडियमवरचा खर्च त्या हिशेबात धरत नव्हते. खेळाडूवर उधळलं तर कारवाई, विटांवर उधळलं तर चालायचं. मग कोण नाही बांधणार?

आर्सेनलनं २००६ मध्ये हायबरी हे आपलं जुनं मैदान सोडलं. ३८ हजारांवरून थेट ६० हजार. ३९ कोटी पौंड लागले, आणि ते फेडताना चांगले खेळाडू एकेक करून गेले. २००५ नंतर थेट २०१४ पर्यंत एकही करंडक नाही. टॉटनमचं स्टेडियम २०१९ ला उघडलं, खर्च शंभर कोटींच्या घरात. गवताचं मैदान तीन तुकड्यांत प्रेक्षकांच्या बाजूखाली सरकतं आणि त्याच्या खालचं अमेरिकन फुटबॉलचं मैदान उघडं होतं. मोठमोठ्या गायकांचे कार्यक्रम होतात. हे खरं तर करमणुकीचं संकुल, ज्यात फुटबॉल क्लबही राहतो. पण एक मानलं पाहिजे, साडेसतरा हजार माणसांची एकसलग उतरती बाजू बांधून त्यांनी आवाज मैदानातच राहील याची सोय केली. नवं म्हणजे निर्जीवच असं नाही. नकाशा काढताना फुटबॉल डोक्यात होता की नाही, एवढाच फरक.

लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबचं तर अगदी ताजं. १८९२ पासूनचं गुडिसन पार्क, कोपऱ्यात चर्च, लाकडी खुर्च्या, काही जागांवर खांब आडवा आल्यानं अर्धाच गोल दिसायचा. १८ मे २०२५ ला पुरुषांची शेवटची मॅच झाली, आणि ऑगस्टमध्ये ते मर्सी नदीकाठी ब्रॅम्ली-मूर गोदीतल्या ५२ हजारांच्या स्टेडियममध्ये गेले. मधल्या काळात क्लब बुडतो की काय अशी वेळ आली होती. तोट्याची मर्यादा मोडली म्हणून २०२३-२४ मध्ये दोनदा मिळून ८ गुण कापले गेले, आणि स्टेडियमच्या कर्जाचं व्याज कुठल्या खात्यात धरायचं हाही त्यातला एक वाद होता! पण त्यांनी एक शहाणपणा केला. गुडिसन पाडलं नाही, महिला संघाला दिलं.

मालकांचं म्हणाल तर आपणही यात मागे नाही. २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज या कोंबडीवाल्या कंपनीनं ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. १९९५ चा विजेता क्लब, तोही एका स्थानिक पोलादवाल्याच्या पैशावर जिंकलेला. २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून खालच्या विभागात घसरला, आणि ज्या मॅचला घसरला तिथे चाहत्यांनी मैदानात क्लबच्या रंगांत गुंडाळलेली जिवंत कोंबडी सोडली. ऑफिसात कुणी लँकेशायरचा, म्हणजे ब्लॅकबर्नकडचा, भेटला की मी पुण्याचा नाही, कोल्हापूरचा आहे, हे आधी सांगतो.

चाहते गप्प बसलेत असंही नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलनं तिकीट ७७ पौंडांना विकायचं ठरवलं, तर ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. मालकांनी चार दिवसांत निर्णय मागे घेतला. त्याच वर्षी पाहुण्या संघाच्या चाहत्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा लागली. २०२१ ची सुपर लीग, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांनी जाहीर केलेली वेगळी स्पर्धा, दोन-तीन दिवसांत कोसळली. २०२५ मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला, आता मैदान विकायचं किंवा हलवायचं तर त्याची परवानगी लागेल. बोलिनला हे नऊ वर्षं उशिरा झालं.

मग फरक नक्की कशात पडला? माझ्या मते, गर्दीत कोण येतं यापेक्षा ती कशी येते यात. आता लोक मॅचला येतात आणि मॅच संपली की जातात. माझ्या आसपासच्या खुर्च्यांवर दर खेपेला नवी तोंडं. त्यात आपल्याकडचेही असतात, महिन्याला एक तरी फोन येतो, "दादा, पुढच्या महिन्यात लंडनला येतोय, एक मॅच बसव की." मी बसवतोही. त्या माणसाला पन्नास-शंभर पौंडांचं काही वाटत नाही, आयुष्यात एकदाच द्यायचे असतात. दर आठवड्याला देणाऱ्याला वाटतं. क्लबला कोण परवडतं हे उघड आहे, आणि माझे पाहुणे त्या गणितात कुठल्या बाजूला आहेत हेही.

गेल्या उन्हाळ्यात भाचा आला होता. त्याला टॉटनमचं स्टेडियम बघायचं होतं, कारण तिथे बिअरचा ग्लास बुडातून भरतो हे त्यानं मोबाइलवर पाहिलेलं. जाऊ म्हटलं, पण आधी चल. बोलिनच्या जागी आता फ्लॅट आहेत, ८४२ घरं. फाटकाशी आजोबा भेटले, काठी टेकत दूध घेऊन चाललेले. भाच्यानं विचारलं, इथे मैदान होतं? आजोबांनी काठी उचलली, तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाल्कनीकडे रोखली, थोडी डावीकडे सरकवली, परत उजवीकडे आणली. "तो निळा टॉवेल वाळत घातलाय ना? साधारण तिथं मी बसायचो."