‘जागतिक बँक अर्थसहाय्यित’ म्हणजे नेमकं काय?

बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातून एका वाचकाने विचारलं आहे: गावच्या पाण्याच्या टाकीवर ‘जागतिक बँक अर्थसहाय्यित जलस्वराज्य प्रकल्प’ असं रंगवलेलं आहे. यात ‘सहाय्यित’ बरोबर की ‘साहाय्यित’? आणि याचा अर्थ बँकेने पैसे फुकट दिले असा घ्यायचा का? टाकी बांधताना वर्गणी मागायला लोक दारात आले, तेव्हा त्यांचे आजोबा म्हणाले होते, “बँकेनं पैसा देल्ला ना, मंग आमची वर्गणी कायले?” ग्रामपंचायतीच्या आराखड्यातल्या ‘जलसुरक्षा’ या शब्दाबद्दलही त्यांनी शेवटी विचारलं आहे.

शुद्धलेखनाचं आधी सांगतो. संस्कृतात ‘सहाय’ म्हणजे सोबत जाणारा, मदतनीस. त्यावरून भाववाचक नाम झालं ‘साहाय्य’. म्हणून माणूस ‘सहायक’ आणि तो करतो ते ‘साहाय्य’. ‘सहाय्य’ आणि ‘सहाय्यक’ ही रूपं या दोघांच्या सरमिसळीतून आली. ती सगळीकडे दिसतात, शासन निर्णयांतही दिसतात, पण व्युत्पत्तीला धरून नाहीत. शेवटी लागलेला ‘इत’ हा पुष्पित, फलित, अंकुरित यांतलाच: ज्याला फूल आलं ते पुष्पित, ज्याला अनुदान मिळतं ती अनुदानित शाळा. त्याच चालीने ज्याला अर्थसाहाय्य लाभलं तो ‘अर्थसाहाय्यित’ प्रकल्प. टाकीला पुन्हा रंग लागेल तेव्हा ‘स’ला काना देऊन टाका.

आजोबांचा प्रश्न मात्र काना-मात्रेने सुटणारा नाही, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

‘साहाय्य’ या शब्दात पैसा परत करायचा की नाही, हे कुठेच सांगितलेलं नाही. मराठी माणूस ‘मदत’ किंवा ‘साहाय्य’ ऐकतो तेव्हा पैसा परत मागितला जाणार नाही, असंच धरून चालतो. सेवा सहकारी सोसायटीतून पीककर्ज उचलणारा शेतकरी ‘सोसायटीनं मदत केली’ असं म्हणत नाही. ‘सोसायटीचं कर्ज आहे’ म्हणतो. जलस्वराज्यसाठी २००३ साली जागतिक बँकेने मंजूर केलेले सुमारे १८ कोटी १० लाख डॉलर हे कर्जच होतं. ते बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघ या शाखेचं, म्हणजे फार सवलतीचं: व्याजाऐवजी वर्षाला पाऊण टक्का सेवाशुल्क आणि काही दशकांची मुदत. करार भारत सरकारशी, त्यामुळे तुमच्या ग्रामपंचायतीच्या डोक्यावर त्याचा बोजा नाही. पण फेड सरकारी तिजोरीतूनच होते, आणि तिजोरी कुणाची हे आजोबांना वेगळं सांगायला नको. शिवाय भांडवली खर्चाच्या दहा टक्के लोकवर्गणी आणि पुढची देखभाल गावाकडे. मग टाकीवर फक्त बँकेचं नाव कसं?

फलकावरचा ‘अर्थसाहाय्यित’ हे इंग्रजीतल्या ‘असिस्टेड’चं भाषांतर, पण ते करणाऱ्यावर सगळा दोष टाकता येत नाही. श्रीमंत देशांच्या संघटनेने १९६९ साली ‘अधिकृत विकास साहाय्य’ ही संज्ञा स्वीकारली तेव्हापासून देणगी आणि सवलतीचं कर्ज या दोन्ही गोष्टी तिच्यात मोजल्या जातात. संदिग्धता मुळातच होती, मराठीत ती तशीच उतरली.

याचं ठळक उदाहरण तुमच्याच पट्ट्यात आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला सगळे ‘पोकरा’ म्हणतात. २०१८ साली त्यासाठी बँकेने ४२ कोटी डॉलर दिले, तेही कर्जच. सुमारे चार हजार कोटींच्या या प्रकल्पात २८०० कोटी बँकेचं कर्ज, बाकी राज्याचा वाटा. आता यातून शेततळं किंवा तुषार संच घेतलेल्या शेतकऱ्याच्या बँक खात्यात पैसे कोणत्या नावाने जमा झाले? ‘अनुदान’. तोच रुपया करारात कर्ज, फलकावर अर्थसाहाय्य आणि शेतकऱ्याच्या पासबुकात अनुदान. तिन्ही शब्द आपापल्या जागी खरे आहेत, पण गावात तिसराच तेवढा पोचतो.

‘अनुदान’ हा शब्द त्या मानाने स्वच्छ आहे. शौचालयाचे बारा हजार मिळाले ते अनुदान: परत करायचे नाहीत, पण बांधकाम दाखवल्याशिवाय मिळत नाहीत. अटीसह मिळणारा, न फेडायचा पैसा, एवढं त्यातून नीट कळतं. आणि ज्याला निखळ ‘मदत’ म्हणावं असंही आपल्याकडे झालेलं आहे. गावातली जुनी हापशी बघा. सोलापूर-जालन्याकडच्या पंपांवरून सुधारत १९७० च्या दशकात जो ‘इंडिया मार्क-२’ घडला, त्याच्यामागे युनिसेफचं पाठबळ होतं. त्याची परतफेड कुणाकडे मागितली गेली नाही. हापशीला आणि टाकीला एकच शब्द लावणं मला पटत नाही.

म्हणून माझं मत असं, की फलकावर सरळ लिहावं: ‘जागतिक बँकेचे कर्ज, राज्य शासनाचा निधी व ग्रामस्थांची लोकवर्गणी यांतून’. ‘कर्ज’ लिहायला सरकारी कागद कचरतात, पण त्यात लाजण्यासारखं काही नाही. टाकीला गळती लागली तर जाब विचारायचा हक्क आपल्याला आहे, हे त्या एका शब्दाने गावाला कळतं. दानात मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. हे दान नाही, तेव्हा दात खुशाल मोजावेत.

आता ‘जलसुरक्षा’. या शब्दाचे आज दोन अर्थ चालू आहेत. ग्रामपंचायतीतला ‘जलसुरक्षक’ पाण्याचे नमुने तपासणीला पाठवतो. तिथे सुरक्षा म्हणजे पाणी पिण्याजोगं असणं. आराखड्यात मात्र पाणी वर्षभर पुरेल का, हा अर्थ असतो. एरवी हे चालून जाईल, पण पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात चालत नाही. तिथे विहिरीला पाणी असतं आणि ते तोंडात धरवत नाही, म्हणून तर धरणावरून पाणी आणणाऱ्या ‘खेडी योजना’ कराव्या लागल्या. ‘पाणी आहे’ आणि ‘पिता येतं’ या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा आराखड्यातही दोन शब्द ठेवा: पुरवठ्यासाठी ‘पाण्याची शाश्वती’ आणि गुणवत्तेसाठी ‘सुरक्षित पाणी’. दोन्हींसाठी खर्चाचे रकाने वेगळे करा, म्हणजे एकाचा पैसा दुसऱ्यावर खर्ची पडला तर ग्रामसभेत दिसेल.