मुलगा दुसरीत आहे म्हणतोस, तर राज्य बघून ये

शिरपूरहून एम.फार्म. केलेल्या एका भावाने विचारलंय: मेडिसिनल केमिस्ट्रीत पीएचडी करायला जर्मनीला यावं का, बायको आणि दुसरीतल्या मुलासकट?

भाऊ, एपीएस (आपल्या पदव्यांची जर्मन पडताळणी), व्हिसा, विमा हे सगळं दूतावासाच्या साइटवर आहे, ते मी उगाळत नाही. फक्त मुलाचा जन्मदाखला आणि तुझा पासपोर्ट शेजारी ठेवून आडनावाचं स्पेलिंग आजच जुळवून बघ. आमच्या दाखल्यात एक 'ए' जास्त निघाला. तेवढ्यावरून नगरपालिका, मंत्रालय, अपोस्टिल (परदेशात दाखवायच्या कागदावरचा सरकारी शिक्का) अशी सगळी वरात पुन्हा काढावी लागली.

पगार बहुतेक अर्ध्या किंवा पासष्ट टक्के पदाचा, राबायचं पूर्ण. तुला सिकलसेल या रक्ताच्या आजारावर काम करायचंय, आपल्या सातपुड्यातल्या पोरांसाठी. करच. पण व्हॉक्सेलोटर हे सिकलसेलचं औषध २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, हे ध्यानात असू दे. विद्यापीठात तर आपण त्याच्या कितीतरी अलीकडेच अडकतो. आठवडाभर खपून रेणू बनवायचा, टीएलसीवर (शुद्धतेची चाचणी) एकच स्वच्छ ठिपका, एनएमआर (रचनेची तपासणी) चोख, आणि बायोलॉजीवाले कळवतात: चाचणीच्या द्रावणात विरघळलाच नाही, तळाशी बसलाय. सवय होते.

एकटेपणाचंही विचारलंस. येतो, जातो. भरताची हिरवी वांगी मिळत नाहीत, बस.

शाळेचं मात्र डोक्यातून जात नाही. मी राहतो त्या बवेरिया राज्यात चौथीतच पोरांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते. जर्मन, गणित, परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (मधल्या पातळीची शाळा). इथे १ म्हणजे सर्वांत चांगला. माझ्या मुलीला गणितात १, परिसरात ३, जर्मनमध्ये ४, म्हणजे रेआलशूल. घरी मराठी बोलता म्हणून भाषा कच्ची राहिली, असं बाईंनी वर मलाच सुनावलं. रेआलशूलनंतरही गिम्नाझियमची वाट असते, सगळे समजावतात. मला ठाऊक आहे, तरी तो निकालाचा कागद आठवला की डोकं फिरतं. अमळनेरला अप्पा, झेडपीचे निवृत्त मास्तर, फोनवर निकाल विचारतात. मी गणिताचा तेवढा 'एक' सांगतो. "म्हणजे पहिला नंबर ना?" मी हो म्हणतो.

तुझा मुलगा दोन वर्षांत चौथीत जाणार. म्हणून गाईड निवडताना राज्यही बघ. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात चौथीनंतर कुठे जावं याची शाळेची शिफारस पालकांवर बंधनकारक नसते, आणि बॉन, डसेलडॉर्फ दोन्ही विद्यापीठांत मेडिसिनल केमिस्ट्री आहे. अर्ज तिथून सुरू कर.