मॉरिशसच्या २५ रुपयांच्या नोटेवर ज्या चिनी गृहस्थांचा फोटो आहे ते कोण?

ते सर ज्याँ मोईलिन आ-शुएन. हाक्का चिनी कुटुंबातले. १९३१ मध्ये एबीसी स्टोअर नावाचं किराणा दुकान काढलं आणि त्यातूनच पुढे एबीसी उद्योगसमूह उभा राहिला. मॉरिशसमध्ये निसान गाड्या विकणारी एबीसी मोटर्स ही त्याच समूहाची.

पण नोटेवर फोटो आला तो धंद्यामुळे नव्हे. ब्रिटिश काळातच ते विधिमंडळात गेले, चिनी समाजाचे पहिले प्रतिनिधी म्हणून. नंतर स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्रीही झाले.

हा समाज जेमतेम ३ टक्के आणि विखुरलेला. नुसत्या मतांवर निवडून येणं अवघडच. म्हणून तिथे ६२ निवडून आलेल्या जागांखेरीज जास्तीत जास्त ८ जागा 'बेस्ट लूझर' पद्धतीने भरतात: ज्या समाजाला प्रतिनिधित्व कमी पडलं, त्यातल्या चांगली मतं मिळवूनही हरलेल्या उमेदवाराला सभागृहात घेतात. मात्र हिशेब अजून १९७२ च्या जनगणनेचा, हे मला अजिबात पटत नाही. तिथली आपली मराठी मंडळी या हिशेबात हिंदू गटातच धरली जातात, चिनी समाजाला मात्र स्वतंत्र गट आहे.