आई कुठून आली त्या खोलीत?

प्रश्न: ताई, रविवारी आम्ही १९५१ चा स्वीडिश सिनेमा 'मिस ज्युली' बघून राहिलो होतो, त्यात ज्युली जाँ नावाच्या नोकराला लहानपणचं सांगते आणि तिच्या मागूनच मेलेली आई लहान ज्युलीसोबत दिसते, सेम खोलीत, कटच नाही. माझा दीर म्हणे प्रिंटची गडबड, दोन सीन एकावर एक चढलेत. मी म्हटलं मुद्दाम केलंय. सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसावर पैज लागलीय. आणि शेवटी ज्युली जीव देते त्यात चूक कुणाची हो? – एक वाचक, इंदूर

उत्तर: किस तुमचा! प्रिंट ठणठणीत आहे, ते डोकं दिग्दर्शक आल्फ शोबर्गचं. मूळ नाटक स्वीडिश लेखक स्ट्रिंडबर्गचं, १८८८ चं, हवेलीचं स्वयंपाकघर, एक रात्र, मध्यंतर पण नाही. तिथे आईबद्दल नुसतं ऐकायला मिळतं, की घर तिनेच पेटवलं, पोरीला मुलासारखं वाढवलं, कुठल्या पुरुषाची गुलाम होणार नाही अशी शपथ घ्यायला लावली वगैरे. नेहमीसारखा धूसर फ्लॅशबॅक टाकला असता तर आपण निवांत बघितला असता, झालं गेलं म्हणून. शोबर्गने कॅमेरा नुसता बाजूला सरकवला आणि आई तिथेच उभी, म्हणजे बाई मेली पण घरातून गेलीच नाही ना! त्या वर्षी कान चित्रपट महोत्सवाचं सगळ्यात मोठं बक्षीस इटलीच्या डी सिकाच्या सिनेमासोबत वाटून मिळालं ते उगाच नाही.

मला खटकतं ते वेगळंच. नाटकात काउंट, म्हणजे ज्युलीचा बाप, स्टेजवर येतच नाही, फक्त त्याचे पॉलिशला ठेवलेले बूट आणि घंटी. रात्रभर मालकिणीशी बरोबरीने बोलणारा जाँ घंटी वाजली की परत नोकर. सिनेमात काउंट चालताबोलता दिसतो, आणि एकदा दिसला की माणूसच वाटतो बिचारा, बुटांची धडकी अर्धी उतरते.

चूक कुणाची हे नाटकात ज्युली स्वतःच विचारते, बापाची, आईची का माझी, आणि मग म्हणते कुणाची का असेना, भोगायचं मलाच. मी मात्र जाँला सोडणार नाही. वस्तरा त्यानेच दिला, आणि त्याच्या आधी तिचं पाळलेलं पाखरू ठोकळ्यावर धरून मुंडकं उडवलं, तेव्हाच पोरीने ओळखायला हवं होतं.

आणि हो, तबेल्यातला तो तरणा नोकर म्हणजे पुढे जगभर गाजलेला नट मॅक्स फॉन सिडो, दिराने ओळखला का? नसेल तर तळलेले गराडूपण त्याच्याकडूनच.