सोलापुरात आई विड्या वळते, मुलीला दहावीनंतर शिकवायचंय. मदत कुठून मिळेल?

अकरावीचा प्रवेश आधी घ्या, पैशासाठी थांबू नका. विडी कामगारांच्या मुलांना केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे: अकरावी-बारावीला वर्षाला ३,००० रुपये, आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा पदवीला ६,०००, व्यावसायिक अभ्यासक्रमाला २५,०००. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. आईचं विडी कामगार ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणि मुलीच्या खात्याचं पासबुक तयार ठेवा.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावर. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत हे फार होतं: आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आधारवर एक 'ए', शाळेच्या दाखल्यावर दोन. अर्जाआधीच दुरुस्त करून घ्या. दुसरं, खात्याला आधार नुसतं केवायसीसाठी दिलेलं असून चालत नाही; अनुदान जमा होण्यासाठी 'आधार सीडिंग' झालंय का, हे बँकेत स्पष्ट विचारा. आणि अर्ज भरल्यावर कॉलेजकडून ऑनलाइन पडताळणी झाली का ते पाहत राहा; ती मुदतीत झाली नाही तर अर्ज तिथेच संपतो.

तीन हजारांत वर्ष निघत नाही, हे खरं. शिवाय घरात विड्या वळणारे दोन हात कमी होतात, आणि मुली शाळा सोडतात त्या बऱ्याचदा त्यामुळेच. तरी बारावीपर्यंत तग धरा. पुढे व्यावसायिक पदवीसाठी ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) मुलींना कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर राज्य सरकार २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण भरतं. मात्र प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत नाही.